तुझ्या उजव्या हाताला

"दार उघडंच राहू दे," आत्याबाई म्हणाल्या. "वारा येतोय."

वारा अजिबात नव्हता. भाऊबिजेची दुपार, पत्रा तापलेला, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, परातीत लसूण घेऊन उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. एरवी लसूण सोलायला त्यांना मागची पडवीच लागायची. आज त्या अशा जागी होत्या की तिथून सोप्यातला पाट दिसावा, पाटावर बसलेला माझा दत्तूदादा दिसावा आणि त्याला ओवाळणारी मीही दिसावी.

"एवढं काय निरखून बघताय?" दादा हसत म्हणाला. "साडी आणलीय. बाँब न्हाई."

"साडीचं कोण म्हणतंय? साडीच्या घडीत काय काय असतंय."

"उलगडून दाखवू?"

"दाखव की."

आणि त्याने खरोखरच साडी उलगडून, पदरापासून काठापर्यंत झटकून दाखवली. हिरवी इरकल होती. आत्याबाईंनी मान हलवली आणि पुन्हा लसूण हातात घेतला. समाधान झालं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

त्यांचंही चुकत नव्हतं. कोल्हापुरात न राहिलेल्या माणसाला हे थोडं सांगावं लागेल. आमच्या गावात फुटबॉलच्या टीम तालमींच्या असतात. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे, अख्खी पेठ तिच्याभोवती जगते. माणसाला आधी तालीम विचारतात, मग नाव. माझं माहेर दगडी तालमीचं. लग्न होऊन मी आले ती वडाच्या तालमीत. दोन्हींचं जुनं वैर. माझ्या लग्नाची वरात वडाच्या तालमीपुढून जाणार म्हटल्यावर दत्तूदादा घोड्याच्या मागून सटकला होता. सख्ख्या बहिणीची वरात, पण त्या तालमीपुढून नाचत जायला त्याचे पाय तयार नव्हते.

आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी गावात पहिल्यांदा बायकांची स्पर्धा भरली. दगडी तालमीच्या पोरींना दादाच शिकवत होता. मलाही गोलात उभं राहायला त्यानेच शिकवलं होतं, लहानपणी, बोळात, दोन विटा मांडून. वडाच्या तालमीला मात्र गोलकीपरच मिळेना. बेबी नावाची एक मुलगी होती, पण बॉल अंगावर आला की ती डोळे मिटून घ्यायची. शेवटी तालमीचे नाना सरनोबत आमच्या घरी आले आणि त्यांनी आत्याबाईंकडे सून मागितली. आत्याबाईंनी दिली, तालमीचा शब्द मोडायची पद्धत नव्हती म्हणून. आणि आम्ही फायनलला पोचलो तेव्हा समोर दगडी तालीम आली.

म्हणजे वडाच्या तालमीचा गोल राखणार होती दगडी तालमीची लेक. आणि समोरच्या टीमचा कोच तिचा भाऊ.

त्या दिवसापासून गल्लीत माझ्याशी कुणी सरळ बोललं नाही. नळावर गेले की बायका एकदम भाजीच्या भावावर यायच्या. कुणीतरी विचारायचं, "काय मालन, माहेरची आठवण येती का?" आणि बाकीच्या हसू दाबायच्या.

आत चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला. आत्याबाई चडफडत उठल्या. त्या आत गेल्या तेवढ्यात दादाने करंजीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे न बघता, तोंडातल्या तोंडात म्हणाला, "पेनल्टी पडली तर शमीम मारणार. तुझ्या उजव्या हाताला, खाली. ध्यानात ठेव."

मी निरांजन खाली ठेवलं. "मला का सांगालास?"

"भाऊबीज हाय. साडी काय, फाटंल."

आत्याबाई पदराने हात पुसत दारात उभ्या होत्या. "काय म्हणाला?"

"करंजीत खोबरं कमी हाय म्हटलं," दादा म्हणाला.

"दगडी तालमीत लई खोबरं खातात व्हय?"

तो हसला, पाया पडला आणि गेला. आत्याबाईंनी त्याची सायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितली. मग पाट उचलून उलटा केला, खाली काही नाही ना हे पाहिलं आणि भिंतीला लावून ठेवला.

संध्याकाळी नाना आले. जुने पैलवान, मोडलेले कान, बोलणं मात्र हळू.

"भाऊ आलेला म्हणं."

"भाऊबीज होती, नाना."

"ते कळतंय. काय बोलला?"

"करंजीत खोबरं कमी आहे म्हणाला."

नाना हसले नाहीत. चहाची बशी त्यांनी खाली ठेवली. "हे बघ पोरी, दुसरी कुणी असती तर तुला बसवली असती. बेबीला डोळे उघडायला सांगून सांगून मी थकलो. तू खेळ. पण माणसं तुझ्याकडं बघणार. वाईट वाटून घ्यायचं न्हाई."

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार? नानांच्या कानावर घातलेली गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या चहाला दगडी तालमीच्या कट्ट्यावर पोचली असती आणि दादाला तिथे पाय ठेवता आला नसता. शिवाय ती गोष्ट खरी होती का, हेच मला कळत नव्हतं. वरातीतून पळालेला माणूस, आपल्या टीमची पेनल्टी मला देईल? बोळात खेळताना तो एकीकडे बघायचा आणि दुसरीकडे मारायचा. मी विटेवर आपटून रडायला लागले की म्हणायचा, "माझ्या तोंडाकडं बघून उडतीस कशाला?"

माझं त्यात फार काही अडकलं होतं. मुंबईच्या एका औषध कंपनीने बायकांची टीम काढली होती. महिन्याला पगार, राहायला खोली, काम म्हणजे खेळणं. तिथल्या डिमेलोबाई, एकेकाळच्या हॉकीपटू, पोरी निवडायला गावोगाव फिरत होत्या. आमची सेमीफायनल बघून त्यांनी मला बाजूला बोलावलं होतं. "मला एक गोलकीपर पाहिजे. दोन मुली नजरेत आहेत, एक तू. फायनल बघते, मग सांगते." माझे यजमान फाउंड्रीत टर्नर होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मुंबईत लेथ मशिनी काय कमी हायत? जाऊ की. पण आईचं बघ."

आत्याबाईंचं म्हणणं सरळ होतं. "माहेरच्यांचा गोल झाला की हातमोजे चुलीत. मुंबई न् फिंबई."

फायनलला गाव लोटलं होतं. अर्धे खेळ बघायला आले होते आणि अर्धे मला. मी गोलाकडे गेले तर जाळीच्या मागे पोतं अंथरून, काळी छत्री उघडून आत्याबाई बसलेल्या.

"आत्याबाई, इथं?"

"सावली हाय."

सावली त्यांच्या छत्रीचीच होती. शेजारी त्यांनी पानाची चंची ठेवली होती. म्हणजे पूर्ण मॅच उठायचा विचार नव्हता.

असा सामना मी नंतर कधी खेळले नाही. समोरच्यांनी शिव्या द्याव्यात, हे समजण्यासारखं. इथे माझ्याच बाजूचे लोक माझ्या प्रत्येक हालचालीवर कुजबुजत होते. बॉल पकडला तर "साधाच होता." पंच करून बाहेर काढला तर "पकडायला येत न्हाई व्हय हिला?" एकदा मी बॉल अडवून त्याच्यावर पडले, तर मागून कुणीतरी म्हणालं, "नाटक कराली." त्याला आत्याबाईंनी गप्प केलं. पण माझी बाजू घेऊन नव्हे. "मला बघू दे. मधी बडबडू नको," असं म्हणाल्या.

मध्यंतरानंतर गोल बदलले. आत्याबाई पोतं, छत्री, चंची घेऊन मैदानाच्या कडेने चालत दुसऱ्या टोकाला आल्या आणि पुन्हा माझ्या मागे बसल्या. हलगीवाल्याने त्यांच्या चालण्यावर ठेका धरला. लोक हसले. त्या हसल्या नाहीत.

आमच्या सुलभाने एक गोल केला. मग शेवटच्या घटकेला दगडीच्या पोरींनी आमच्याकडे मुसंडी मारली, गोलासमोर गर्दी झाली आणि आमच्या एका मुलीच्या हाताला बॉल लागला. पंचांनी शिट्टी मारली. पेनल्टी.

हलगी थांबली. आणि मग आमच्याच बाजूने एक आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "झालं. माहेरला आहेर."

शमीम बागवान बॉल घेऊन आली. बारीक अंगाची, लांब पायांची, गावातली सगळ्यात कडक किक तिची. तिने बॉल ठेवला, एकदा मागे वळून दादाकडे बघितलं. दादा लाईनवर उकिडवा बसून बुटाची नाडी सोडून परत बांधत होता. माझ्याकडे बघतच नव्हता.

त्या वेळी डोक्यात जे आलं ते आजही जसंच्या तसं आठवतं. खोटं सांगितलं असेल तर उजवीकडे उडून मी उलट्या बाजूने गोल खाणार. आणि तो गोल निव्वळ हरल्याचा नसेल. बॉल एकीकडे, गोलकीपर दुसरीकडे. सारं गाव म्हणेल, मुद्दाम उडाली. खरं सांगितलं असेल आणि मी विश्वास ठेवला नाही, तर तो गोल मी माझ्या हाताने दिल्यासारखा. शमीम मागे सरकली. तिचे डोळे बॉलवर होते. काही वाचता येत नव्हतं.

"मालन," मागून आत्याबाई म्हणाल्या, "मी बघालोय."

त्याने पाटावर बसून माझ्या हातचं खाल्लं होतं. कपाळावर माझं कुंकू होतं तेव्हा सांगितलं होतं. एवढाच विचार माझ्याजवळ उरला. शमीम धावली आणि मी उजवीकडे अंग झोकून दिलं. खाली. हातमोज्यावर बॉल आपटला तेव्हा मनगट सटकल्यासारखं झालं. बॉल खांबाला लागून बाहेर गेला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. माती नाकातोंडात होती. हलगी वाजत होती. नाना धावत आले, त्यांनी मला लहान मुलासारखं उचललं आणि उचललेल्या अवस्थेतच कानाजवळ विचारलं, "तू आधीच उडालीस न्हवं? किक बसायच्या आधी?"

तेच पलीकडून एक दगडीचा माणूस ओरडत होता. "हिला ठावं होतं! दत्तूनं सांगितलं! बहिणीला मॅच दिली!" त्याच्याबरोबर आणखी दोघे-चौघे होते आणि त्यांच्यामध्ये दादा उभा होता. कुणीतरी त्याची कॉलर धरली होती.

आत्याबाई छत्री मिटून जाळीमागून पुढे आल्या. "गप बसा रे. मी मागं बसलेलो. तिच्यापास्नं हातभर लांब. बॉल सुटला, मग उडली. तुमच्यातल्या कुणाचे डोळे माझ्याहून जवळ होते, त्यानं पुढं यावं."

कुणी पुढे आलं नाही. डिमेलोबाईंनी मला विचारलं, "तुला कसं कळलं ती कुठे मारणार?"

"कळलं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "एक तारखेला ये. बरोबर नवऱ्याला आण, नाहीतर मला खोली मिळवून देताना त्रास होतो."

घरी आल्यावर आत्याबाईंनी चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून विचारलं, "भावानं सांगितलेलं न्हवं?"

मी मान हलवली. त्यांना ती दिसली नसेल असं वाटलं, पण दिसली.

"आपली तालीम जिंकली," त्या म्हणाल्या. "कशी जिंकली, हे कुणी विचारलं तर माझ्याकडं पाठवायचं. आणि मुंबईला जायचं तर लवकर जा. इथं जास्त दिवस राहिलीस तर तुझ्या तोंडातनं निघंल."

मी गेले. कंपनीची टीम बंद पडेपर्यंत खेळले, मग कलकत्त्याच्या एका क्लबकडे, मग राज्याच्या टीमकडून. दोन्ही करंगळ्या वाकड्या झाल्या त्या अजून तशाच आहेत. पेनल्टी अडवणारी बाई म्हणून माझं नाव झालं. समोरच्या पोरीचा खांदा, कंबर, डोळे बघून ती कुठे मारणार हे ओळखणं, याच कामावर मी घर चालवलं, मुलगी शिकवली.

दादाला त्याच्या तालमीने पुन्हा उभं केलं नाही. कोच म्हणून काढलं, ते एक. पण कट्ट्यावर त्याच्यासाठी कुणी सरकून जागा देईना. मॅच बघायला तो बाहेरगावच्या लोकांत बसायचा. त्याचा मुलगा चांगला खेळायचा, त्यालाही तालमीने घेतलं नाही. दरवर्षी भाऊबिजेला मी गावी यायची ती हात भरून. माझ्या मनात एकच असायचं, हा माणूस माझ्यापायी घरी बसला. त्याला मी कधी तसं बोलले नाही. तोही कधी बोलला नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी गावातल्या एका मंडळाने जुन्या महिला खेळाडूंचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, प्लास्टिकच्या खुर्च्या. शेजारच्या खुर्चीवर एक बाई काठी टेकत बसली आणि म्हणाली, "ओळखलंस का? तुझ्यामुळं मी गावात तोंड लपवून फिरत होतो."

शमीम होती. दोन्ही गुडघे गेलेले, आवाज तोच. भाषणं चालू होती आणि आम्ही हळू आवाजात बोलत होतो.

"एक सांगू का तुला?" ती म्हणाली. "आता सांगायला काय. दत्तूदादानं मला आदल्या दिवशी बाजूला घेऊन बजावलेलं, पेनल्टी आली तर मालनच्या डाव्या हाताला मार. तिची डावी कच्ची हाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "डाव्या?"

"डाव्या. पण मी विचार केला, सख्खा भाऊ. भाऊबिजेला जेवून आलेला. हा डाव्या हाताला म्हणतोय म्हणजे तिलाबी डावाच सांगून आला असणार. मला विकालाय. म्हणून मी मुद्दाम उजवीला मारला." तिने शाल सारखी केली. "तर तू आधीच तिथं पडलेली."

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस? त्याला तालमीतनं काढला."

"काय सांगू? कोचनं एक सांगितलं, मी दुसरं केलं न् मॅच घालवली? मलाच काढला असता. मी आपली गप बसलो." काठी जवळ ओढत ती म्हणाली, "वाईट वाटतंय गं. पण एवढ्या वर्षांत जीभ उचलली न्हाई."

सत्कार संपला. शाल अंगावर तशीच ठेवून मी रिक्षाने दादाच्या सायकलच्या दुकानात गेले. दुकान आता मुलगा बघतो, पण दुपारी तो जेवायला गेला की दादा बसतो. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब फिरवत तो बुडबुडा शोधत होता.

"शमीम भेटली होती," मी म्हणाले.

"बरी हाय का?"

"गुडघे गेलेत. दादा, तिला तू डाव्या हाताला मारायला सांगितलेलंस."

त्याने ट्यूब आणखी थोडी फिरवली. "व्हय."

"आणि मला उजवा सांगितलास."

"व्हय."

"म्हणजे फसवायलाच आला होतास. भाऊबिजेला, पाटावर बसून."

ट्यूबमधून बुडबुडे यायला लागले होते. त्याने तिथे बोट ठेवलं, बाहेर काढली, फडक्याने पुसली. मग माझ्याकडे बघितलं.

"मालन, तू माझं कधी ऐकलंस गं? वरच्या गल्लीनं शाळेला जा म्हटलं की खालच्या गल्लीनं जाणार. विहिरीकडं जाऊ नको म्हटलं की आधी विहीर. जन्मभर माझ्या सांगण्याच्या उलटं केलंस. मी उजवा सांगितला तर तू डाव्याला उडणार, हे मला पक्कं ठावं. म्हणून त्या पोरीला डाव्याला मारायला लावलं. अल्लद हातात आला असता तुझ्या."

"आणि मी ऐकलं."

"ऐकलंस. आणि तिनं न्हाई ऐकलं. तुम्ही दोघी बायकांनी मिळून माझं सगळं गणित बिघडवलं, तरीबी उत्तर बरोबर आलं."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बघणं हाच तर माझा धंदा. तो खरं बोलत असेल, तर तालमीने त्याला काढलं ते बरोबरच होतं. आणि खोटं बोलत असेल, तर तो शेवटपर्यंत तालमीशी इमान राखून होता, त्याने सख्ख्या बहिणीला ओवाळणीत खोटं दिलं होतं, आणि ते उघड करण्यापेक्षा त्याने फितूर म्हणवून घेणं पत्करलं. हे उत्तर त्याने दुकानात एकट्याने बसून वर्षानुवर्षं घोटून ठेवलं असेल. नाहीतर आत्ता, पंक्चर शोधता शोधता जुळवलं असेल. त्याची पापणीही हलली नाही.

"मग तालमीत का नाही सांगितलंस? शमीमला डावा सांगितलेला म्हणून? सुटला असतास."

"सुटलो असतो," तो म्हणाला. "मग तुझ्या घरी कुठल्या तोंडानं आलो असतो?"

या उत्तरानेही काही उलगडलं नाही. ते दोन्हीकडे बसत होतं.

"चहा सांगू?" त्याने विचारलं.

"सांग."

त्याने पलीकडच्या गाड्याकडे बघून दोन बोटं दाखवली. मग दुकानापुढच्या दोन स्टुलांकडे हात केला. "बस की. हे उजवीकडचं घे. डाव्याचा पाय मोडलाय."

मी दोन्ही स्टुलं हाताने दाबून बघितली, आणि चहा उभ्यानेच प्याले.